ओपनएसएसएच: किल्ली नाकारली जाते तेव्हा

बेळगावच्या टिळकवाडीत बसून उद्यमबागेतल्या छोट्या कारखान्यांसाठी मालसाठ्याची आणि हिशेबाची सॉफ्टवेअर लिहिणे हा माझा नऊ वर्षांचा धंदा आहे. या काळात संगणक बदलले, सोबत काम करणारी मुले बदलली, पण एक साधन रोज हाताखाली राहिले, ते म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडून देणारे ओपनएसएसएच. कोडची रिपॉझिटरी, म्हणजे बदलांच्या नोंदींसकट ठेवलेला त्याचा साठा, दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरवर असते. त्या नोंदी ठेवणाऱ्या गिट या प्रोग्रामला तिथवर पोचवण्याचे आणि दारात त्याची ओळख पटवून देण्याचे काम माझ्याकडे एसएसएचच करते. ते नीट चालले आहे तोवर त्याच्याविषयी लिहिण्यासारखे काही नसते, म्हणून हे परीक्षण ते अडते त्या वेळेपुरतेच आहे. किल्ली नाकारली गेली, तर नेमके कुठे बिघडले हे ते समोरच्या माणसाला कितपत सांगते, एवढेच मी इथे पाहिले आहे.

शब्दाचा एक खुलासा आधी करतो. आमच्यात सगळे ‘की’ म्हणतात, पण मराठी वाक्यात ‘की’ आली की ती वस्तू आहे की अव्यय, हेच कळेनासे होते. म्हणून पासवर्डऐवजी ओळख पटवून देणाऱ्या या फायलींच्या जोडीला मी ‘किल्ली’ लिहिणार आहे. आमच्याकडचे कन्नड बोलणारे ग्राहक तिला कीलिकै म्हणतात, आणि फोनवर काम समजावताना तो शब्दही बिनदिक्कत चालतो.

एसएसएच हा मूळ प्रोटोकॉल तातू युलोनेन यांनी १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात तयार केला, तोही तिथल्या नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेल्यानंतर. ओपनएसएसएच त्यानंतर चार वर्षांनी, १९९९ मध्ये, ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमच्या प्रकल्पातून बाहेर आले. ते विनामूल्य आहे, लिनक्स आणि मॅकवर बहुधा आधीपासून असते, आणि विंडोज १० मध्येही २०१८ पासून सोबत येते. रिपॉझिटरी ठेवून देणाऱ्या गिटहब या सेवेने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले, तेव्हापासून टोकन, म्हणजे पासवर्डच्या जागी चालणारी सेवेने दिलेली अक्षरमाळ, तरी बाळगा नाहीतर किल्ली तरी करा, असे दोनच मार्ग उरले. त्यामुळे पूर्वी ज्यांनी या साधनाचे नावही ऐकले नव्हते अशी मुलेही आता पहिल्याच आठवड्यात त्याच्या दारात येऊन उभी राहतात.

किल्ली तयार करण्याचा भाग चांगला जमलेला आहे. एसएसएच-कीजेन ही कमांड दिली, दोन-तीन प्रश्नांना उत्तरे दिली, की घरच्या फोल्डरातल्या ‘.एसएसएच’ या लपलेल्या फोल्डरात दोन फायली तयार होतात: एक खासगी, जी कुणालाही द्यायची नाही, आणि एक सार्वजनिक, जी रिपॉझिटरीच्या सेवेत आपल्या खात्याखाली नोंदवायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ९.५ आवृत्तीपासून काही न सांगताही ती ईडी२५५१९ प्रकारची किल्ली बनवते, आणि हा बदल मला मनापासून आवडला. कारण अगदी व्यावहारिक आहे. आरएसए या जुन्या प्रकारच्या ४०९६ बिटांच्या किल्लीच्या सार्वजनिक फायलीत ७१६ अक्षरांची अखंड माळ असते, तर ईडी२५५१९ मध्ये ती अवघ्या ६८ अक्षरांची असते. एका कारखान्यातल्या मुलाने मला आपली आरएसएची सार्वजनिक किल्ली व्हॉट्सअॅपवर पाठवली होती. टर्मिनलच्या खिडकीत ती अनेक ओळींत मोडून दिसत होती आणि त्याने ती तशीच, मोडलेल्या ओळींसकट, उचलली होती. सार्वजनिक किल्ली ही एकच सलग ओळ असावी लागते, हे त्याला ठाऊक नव्हते आणि माझ्याही लक्षात अर्ध्या तासाने आले. अडुसष्ट अक्षरांत असला गोंधळ व्हायला जागाच कमी.

आता मूळ तक्रारीकडे येतो. किल्ली नाकारली गेली की पडद्यावर एकच वाक्य उमटते: ‘पर्मिशन डिनाइड’, आणि त्यापुढे कंसात ‘पब्लिककी’. सार्वजनिक किल्ली खात्यात नोंदवायची राहिली, तरी हेच वाक्य. नोंदवली, पण आपल्या संगणकाने दुसरीच किल्ली पुढे केली, तरी हेच. फायलीला वेगळे नाव दिल्यामुळे ती सापडलीच नाही, तरी हेच; आणि कमांडच्या आधी सवयीने ‘सुडो’ लिहून ती रूट, म्हणजे मुख्य प्रशासक, म्हणून चालवल्यामुळे आपल्या घरच्या फोल्डराऐवजी रूटच्या फोल्डरात शोध घेतला गेला, तरीही हेच. डॉक्टरने ताप, मोडलेले हाड आणि दाढदुखी या तिन्हींना ‘बरे नाही’ एवढेच निदान लिहून द्यावे, तशातला हा प्रकार आहे.

या अबोलपणाची एक बाजू मला मान्य आहे. दारावर आलेल्या अनोळखी माणसाला ‘तुमचे खाते आहे, पण किल्ली चुकली’ असे सांगणे म्हणजे चोराला अर्धी माहिती देणे होय, त्यामुळे सर्व्हरने तोंड मिटून ठेवणे योग्यच आहे. पण आपल्याच टेबलावर चालणाऱ्या प्रोग्रामला तर आपण कोणत्या फायली शोधल्या, कोणत्या सापडल्या आणि कोणती किल्ली पुढे केली हे सगळे ठाऊक असते. ‘एकही किल्ली सापडली नाही’ आणि ‘तीन दाखवल्या, तिन्ही नाकारल्या’ या दोन गोष्टी वेगळ्या वाक्यांत सांगायला त्याला कुणाची आडकाठी नव्हती, आणि इतक्या वर्षांत ते झालेले नाही याचे मी गुण कापतो.

मात्र विचारले तर ते खरे सांगते, आणि भरपूर सांगते. कमांडमध्ये ‘-व्ही’ जोडला की प्रत्येक पायरी पडद्यावर येते. गिट वापरताना जीआयटी_एसएसएच_कमांड या चलात ‘एसएसएच -व्ही’ ठेवले की गिटच्या आतून होणारे संभाषणही दिसू लागते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो मजकूर म्हणजे सात-बाराच्या उताऱ्यासारखा वाटतो, पण वाचायच्या ओळी चार-पाचच असतात. ‘आयडेंटिटी फाइल’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘टाइप -१’ असे असेल, तर त्या नावाच्या किल्लीची माहिती प्रोग्रामला मिळालेली नाही. ‘ऑफरिंग पब्लिक की’ या ओळीत कोणती किल्ली पुढे केली ते तिच्या ठशासकट, म्हणजे किल्लीवरून काढलेल्या आखूड ओळखखुणेसकट, लिहिलेले असते. त्यानंतर ‘सर्व्हर अॅक्सेप्ट्स की’ आले, तर सर्व्हरने ती ओळखली. ते न येता ‘ऑथेंटिकेशन्स दॅट कॅन कंटिन्यू’ हीच ओळ पुन्हा आली, तर ओळखली नाही. मग एसएसएच-कीजेनला ‘-एलएफ’ देऊन आपल्या फायलीचा एसएचए२५६ ठसा काढावा आणि सेवेच्या सेटिंगमधल्या ठशाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी या ताडण्यातच निकालात निघतात.

याचे सगळ्यांत मासलेवाईक उदाहरण मी उद्यमबागेतल्या एका यंत्रशाळेच्या ऑफिसात पाहिले. तिथल्या विंडोज संगणकावर मी किल्ली केली, तिला ‘कारखाना’ असे नाव दिले, पासफ्रेज, म्हणजे ती उघडायचा परवलीचा मजकूर, घातला आणि किल्ल्या सांभाळणाऱ्या विंडोजच्या एसएसएच-एजंटमध्ये ती जमा केली. ही एजंट सेवा मुळात बंद असते, ती सुरू करावी लागते, तेही केले. पॉवरशेलमध्ये ‘एसएसएच -टी गिट@गिटहब.कॉम’ ही चाचणी दिली, तर खात्याचे नाव घेऊन स्वागत झाले. लगेच नवा कोड उतरवणारे ‘गिट पुल’ दिले, तर पर्मिशन डिनाइड. पुन्हा चाचणी, पुन्हा स्वागत. पुन्हा पुल, पुन्हा नकार. शेजारी लेथच्या आवाजात मालक चहाचा कप घेऊन उभे होते, आणि मी त्यांना ‘पाच मिनिटं, साहेब’ असे तिसऱ्यांदा सांगत होतो.

‘-व्ही’ लावून दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी ठेवले, तेव्हा पहिल्याच ओळीत फरक दिसला. चाचणीच्या मजकुरात आवृत्तीच्या नावात ‘फॉर विंडोज’ हे शब्द होते. गिटच्या मजकुरात ते नव्हते. म्हणजे त्या संगणकावर दोन एसएसएच नांदत होती: एक विंडोजचे, सिस्टम३२ मधल्या ओपनएसएसएच फोल्डरातले, आणि दुसरे गिट फॉर विंडोजने आपल्यासोबत आणलेले. किल्ली जमा होती ती विंडोजच्या एजंटकडे, आणि गिटच्या एसएसएचला त्या एजंटचा पत्ताच नव्हता. फायलीचे नाव मी वेगळे ठेवल्यामुळे नेहमीच्या नावांच्या शोधातही ती सापडत नव्हती. गिटच्या ‘कोअर.एसएसएचकमांड’ या सेटिंगमध्ये विंडोजच्या एसएसएचचा पूर्ण मार्ग लिहिला आणि पुल सरळ झाला. गिटच्या अलीकडच्या इन्स्टॉलरमध्ये ‘बाहेरचे ओपनएसएसएच वापरा’ असा पर्यायही मिळतो, तो निवडला असता तर मालकांचा चहा निवला नसता. यात दोष कुणा एकाचा नाही. पण ‘एजंटशी बोलता आले नाही’ एवढे वाक्य न विचारता छापले गेले असते, तर माझा पाऊण तास वाचला असता.

नकार आणि पोहोचताच न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि याबाबतीत मात्र हे साधन स्पष्ट बोलते. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहणारा माझा एक सहकारी पावसाळ्यात वीज गेली की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करतो. ‘दादा, किल्ली परत बिघडली’ असा त्याचा फोन आला, तेव्हा मी पडद्यावरचे वाक्य अक्षरशः वाचायला लावले. ते ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ होते, आणि त्याच्या आधी ‘पोर्ट २२’ असा, म्हणजे सर्व्हरवरच्या एसएसएचच्या नेहमीच्या दाराचा, उल्लेख होता. म्हणजे किल्लीची पाळीच आली नव्हती. तो दारापर्यंत गेलाच नव्हता. एका कॉलेजच्या नेटवर्कवर मला हेच बारा महिने अनुभवायला मिळाले, कारण तिथे २२ क्रमांकाचा पोर्ट बंद ठेवलेला होता. अशा वेळी किल्ल्या पुन्हा-पुन्हा नव्याने बनवणाऱ्यांची मला कीव येते. गिटहब याच कामासाठी ‘एसएसएच.गिटहब.कॉम’ या नावाने ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर दुसरे दार उघडे ठेवते, आणि गिटलॅब या तशाच सेवेचेही ‘ऑल्टएसएसएच.गिटलॅब.कॉम’ हे तसेच दार आहे. एसएसएचची सेटिंगे लिहायच्या कॉन्फिग फायलीत हॉस्टनेम आणि पोर्ट या दोन ओळी घातल्या की काम होते. नवे नाव आणि नवा पोर्ट असल्यामुळे सर्व्हरची ओळख मान्य करण्याचा प्रश्न पुन्हा एकदा विचारला जातो, त्याने घाबरून जाऊ नये.

ही कॉन्फिग फाइल म्हणजे या साधनाचा सगळ्यांत मोठा गुण आहे, आणि तिचा उपयोग निपाणीच्या माझ्या भाचीला झाला. तिच्याकडे दोन खाती होती, एक कॉलेजचे आणि एक स्वतःचे. स्वतःच्या रिपॉझिटरीत कोड पाठवायला गेली, की ‘रिपॉझिटरी नॉट फाउंड’ असे उत्तर येई. ‘मामा, रिपॉझिटरी तर समोर दिसतेय, आणि हे नाही म्हणतंय,’ ती म्हणाली. मी तिला ‘-टी’ची चाचणी द्यायला सांगितली, तर स्वागत झाले ते कॉलेजच्या खात्याच्या नावाने. या सेवांमध्ये सगळेच ‘गिट’ या एकाच वापरकर्त्याच्या नावाने दारात येतात. कोण आले हे ठरते ते केवळ किल्लीवरून, आणि म्हणूनच एक किल्ली दोन खात्यांत नोंदवता येत नाही. तिची कॉलेजची किल्ली आधी पुढे जात होती, ती ओळखली जात होती, आणि त्या खात्याला खासगी रिपॉझिटरीचे अस्तित्व सांगायचे नसल्यामुळे ‘सापडली नाही’ असे उत्तर येत होते. कॉन्फिगमध्ये एकाच सर्व्हरला दोन टोपणनावे दिली, प्रत्येकाखाली आपापली आयडेंटिटीफाइल लिहिली, आणि ‘आयडेंटिटीजओन्ली येस’ ही ओळ घातली. ही शेवटची ओळ लोक हमखास विसरतात. ती नसेल तर एजंटमध्ये साठलेल्या इतर किल्ल्याही पुढे केल्या जातात. ओपनएसएसएचचा सर्व्हर मुळात सहा प्रयत्नांनंतर दार लावून घेतो, त्यामुळे किल्ल्यांचा जुडगा बाळगणाऱ्याची बरोबर किल्ली सातवी असेल, तर तिची पाळीच येत नाही. शेवटी आपल्या कॉन्फिगचा नेमका काय अर्थ लागला, हे ‘एसएसएच -जी’ सर्व्हर गाठल्याशिवायच दाखवते. इथे ‘जी’ कॅपिटल असावा लागतो.

फायलींच्या परवानग्यांबाबत तर हे साधन ओरडूनच सांगते. खासगी किल्ली दुसऱ्या कुणाला वाचता येत असेल, तर ‘@’ चिन्हांची चौकट छापून, फाइल उघडी आहे असे बजावून ते ती किल्ली वापरायला साफ नकार देते. लिनक्सवर ‘सीएचमॉड ६००’ दिले की प्रश्न मिटतो. पेनड्राइव्हवर किल्ली ठेवून तिथूनच वापरायचा हट्ट करणाऱ्यांचा मात्र मिटत नाही, कारण पेनड्राइव्हवर नेहमी असणाऱ्या एफएटी३२ या फाइल-रचनेत असल्या परवानग्या नोंदवायची सोयच नसते. चौकटीतली ही सूचना कठोर आहे, पण नेमकी आहे. सगळ्या सूचना अशा असत्या तर मी हा लेख लिहायला बसलोच नसतो.

सर्व्हरचीही एक किल्ली असते, आणि ती ‘नोन_होस्ट्स’ या फायलीत नोंदलेली असते. ती अचानक बदलली, तर अशीच चौकट येते आणि कुणीतरी मध्ये बसून ऐकत असण्याची शक्यता वर्तवली जाते. बहुतेक वेळा लोक वैतागून ती ओळ पुसून टाकतात आणि पुढे जातात. २४ मार्च २०२३ रोजी गिटहबने आपली आरएसए होस्ट किल्ली बदलली, कारण तिची खासगी बाजू थोडा वेळ एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडी पडली होती. ईसीडीएसए आणि ईडी२५५१९ या दुसऱ्या प्रकारच्या होस्ट किल्ल्या वापरणाऱ्यांना त्याची झळ लागली नाही. त्या सकाळी ज्यांना इशारा आला, त्यांनी काय करायला हवे होते? गिटहबने जाहीर केलेल्या नव्या ठशाशी ताडून पाहायचे, मग ‘एसएसएच-कीजेन -आर’ने जुनी नोंद काढायची. माझ्या ओळखीतल्या किती जणांनी खरोखर ताडून पाहिले, हे न विचारलेलेच बरे. मी स्वतः पाहिले, पण तेही दुसऱ्याने आठवण करून दिल्यावर.

जुन्या सर्व्हरशी गाठ पडली, तर आणखी एक खोच आहे. सप्टेंबर २०२१ च्या ८.८ आवृत्तीपासून एसएचए-१ या जुन्या, कमकुवत ठरलेल्या पद्धतीवर आधारलेली आरएसए सही (किल्ली आपलीच आहे याचा पुरावा) मुळात बंद केलेली आहे, म्हणून वर्षानुवर्षे चाललेली किल्ली एका अपडेटनंतर एकाएकी नाकारली जाते. ‘-व्ही’च्या मजकुरात ‘नो म्युच्युअल सिग्नेचर अल्गोरिदम’ दिसले, तर हेच समजावे. अनेक जण जुनी सही पुन्हा सुरू करण्याची ओळ कुठूनतरी उचलून सगळ्या सर्व्हरांसाठी लावतात. तसे करू नये, सर्व्हर अद्ययावत करणे हाच इलाज आहे, आणि तोवर ती सूट त्या एका सर्व्हरपुरतीच ठेवावी. गिटहबवर वर्षभर न वापरलेली किल्ली आपोआप काढून टाकली जाते, हेही जाता जाता सांगून ठेवतो. जुने काम पुन्हा उघडणाऱ्यांना ते उशिरा कळते.

गुण द्यायचे झाले, तर कुलूप म्हणून मी या साधनाला पाचपैकी पाच देईन आणि बोलके साधन म्हणून दोन, आणि ते दोनही केवळ ‘-व्ही’मुळे. रोज कोड लिहिणाऱ्याने ते शिकून घ्यावेच. ज्याला आठवड्यातून एकदा फक्त नवी आवृत्ती उतरवायची आहे, अशा ग्राहकाला मात्र मी एचटीटीपीएस, म्हणजे वेबसाइटसाठी वापरतात तोच मार्ग, आणि टोकन हीच वाट सुचवतो; आणि कुणाचाही ‘किल्ली चालत नाही’ असा फोन आला, तर आधी ‘गिट रिमोट -व्ही’ने पत्ता पाहायला लावतो, कारण तो एचटीटीपीएसने सुरू होत असेल, तर किल्लीचा त्या नकाराशी काही संबंधच नसतो.

उद्यमबागेतल्या त्या संगणकावरून मी माझी किल्ली पुढे काढून टाकली आणि तिच्या जागी डिप्लॉय किल्ली बसवली, जी एकाच रिपॉझिटरीपुरती चालते आणि वेगळे सांगितले नाही तर फक्त वाचूच देते. नाव या वेळी नेहमीचेच ठेवले. त्याला वर्ष उलटून गेले. गेल्या महिन्यात मालकांचा फोन आला, तेव्हा मी आधी टर्मिनल उघडले आणि मग फोन उचलला. पण तक्रार प्रिंटरची होती.